किंग्स्टन, ऑन्टारिओ: माणसं आणि संस्था (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इथे शिकायला येणारी मुलं, त्यांना भेटायला येणारे आईवडील आणि टोरांटोहून मॉन्ट्रियलला जाताना वाटेत थांबणारी मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कुठलाही प्रश्न सुटा वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हे किंग्स्टन म्हणजे जमैकाची राजधानी का?

नाही. हे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातलं किंग्स्टन. ऑन्टारिओ सरोवराचं पाणी जिथे सेंट लॉरेन्स नदीत शिरतं, तिथेच काताराक्वी नदीच्या मुखाशी हे शहर वसलं आहे. टोरांटो आणि मॉन्ट्रियल यांच्या साधारण मधोमध. 2021 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 1,32,485 होती आणि आजूबाजूची गावं धरून 1,72,546. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या शहराएवढं. विमानाचं तिकीट काढताना मात्र प्रांताचं नाव नीट बघा.

२. एवढ्याशा शहरात विद्यापीठ, सैनिकी कॉलेज, किल्ला, तुरुंग, मोठी हॉस्पिटलं... हे सगळं एकत्र आलं कसं?

जागेमुळे. सरोवरातून समुद्राकडे जाणारा जलमार्ग इथून राखता येतो. हे मूळच्या लोकांना आधीपासून ठाऊक होतं. मग फ्रेंचांनी 1673 मध्ये इथे फोर्ट फ्रॉन्टेनॅक बांधला, 1758 मध्ये ब्रिटिशांनी तो घेतला, आणि अमेरिकन क्रांतीनंतर राजाशी एकनिष्ठ राहिलेली कुटुंबं 1783-84 च्या सुमारास इथे येऊन वसली. 1812 च्या युद्धानंतर अमेरिकेची भीती गेली नव्हती, म्हणून ओटावापासून किंग्स्टनपर्यंत 202 किलोमीटरचा रिडो कालवा खणला गेला. तो 1832 मध्ये सुरू झाला. कालव्याचं हे टोक राखायला फोर्ट हेन्री नव्याने बांधला. कालवा आणि इथली तटबंदी मिळून 2007 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सैन्य आलं की पैसा येतो, दगडी बांधकाम येतं, बाजार येतो. शहराच्या पोटातच चुनखडीचा करडा दगड असल्यामुळे इमारती त्याच्याच झाल्या आणि शहराला ‘लाइमस्टोन सिटी’ हे नाव पडलं. माझ्या मते या शहराची खरी ओळख इथल्या संस्था. माणसं आली, काही मोठी होऊन निघून गेली. संस्था मात्र पावणेदोनशे-दोनशे वर्षं त्याच दगडी भिंतींत चालू राहिल्या.

३. किंग्स्टन खरंच कॅनडाची राजधानी होतं?

होतं, 1841 ते 1844. तेव्हाच्या ‘प्रॉव्हिन्स ऑफ कॅनडा’ची ही पहिली राजधानी. आजचा कॅनडा देश 1867 चा, त्यामुळे ‘कॅनडा देशाची पहिली राजधानी’ असं म्हणणं बरोबर नाही.

संसदेला इमारतच नव्हती. शहराचं जनरल हॉस्पिटल काही वर्षांपूर्वीच बांधून झालं होतं, तेच आमदारांच्या हवाली केलं. 14 जून 1841 ला पहिलं अधिवेशन तिथे भरलं. गव्हर्नर जनरल लॉर्ड सिडनहॅम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घोड्यावरून पडून जखमी झाले आणि इथेच वारले. सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये त्यांना पुरलं आहे. 1844 मध्ये राजधानी मॉन्ट्रियलला हलली. गंमत पाहा, राजधानीला शोभेल असा भव्य घुमटाचा सिटी हॉल जॉर्ज ब्राउन या वास्तुविशारदाने बांधला, तो पुरा झाला त्याच वर्षी. आज पाण्याकाठी उभं राहून या इमारतीकडे पाहिलं की एवढ्या गावाला एवढी कचेरी का, याचं उत्तर आपोआप मिळतं. तिच्या मागच्या चौकात 1801 पासून बाजार भरतो. उन्हाळ्यात भाजी-फळं, हिवाळ्यात तिथेच बर्फाचं स्केटिंग.

४. कॅनडाचे पहिले पंतप्रधान इथले ना? मग त्यांचा पुतळा का सापडत नाही?

जॉन ए. मॅकडोनाल्ड यांचा जन्म 1815 मध्ये ग्लासगोत झाला. 1820 मध्ये पाच वर्षांचे असताना ते आईवडिलांबरोबर किंग्स्टनला आले. इथेच वाढले, इथेच वकिली केली, इथूनच निवडून गेले. 1867 ते 1873 आणि 1878 ते मृत्यूपर्यंत, म्हणजे 1891 पर्यंत, ते पंतप्रधान होते. त्यांची कबर काताराक्वी स्मशानभूमीत आहे. प्रांतांना जोडून देश उभा करणं आणि तो रेल्वेने पश्चिम किनाऱ्यापर्यंत नेणं, ही त्यांची कामगिरी कुणी नाकारत नाही.

पण त्यांच्याच सरकारने 1883 पासून मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी निवासी शाळांची व्यवस्था देशपातळीवर उभी केली. मुलांना घरापासून, भाषेपासून तोडणं हाच त्या शाळांचा उद्देश होता. रेल्वेसाठी राबलेल्या चिनी मजुरांचं काम संपत आल्यावर 1885 मध्ये चिनी माणसांवर माणशी पन्नास डॉलरचा प्रवेश-कर बसवला, तोही याच सरकारने. 2020 मध्ये क्वीन्स विद्यापीठाने आपल्या लॉ स्कूलच्या इमारतीवरचं त्यांचं नाव काढलं. मे 2021 मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कॅमलूप्सच्या जुन्या निवासी शाळेच्या आवारात अनामिक दफनं असल्याची बातमी आली. सिटी पार्कमधल्या पुतळ्याभोवती मूळ रहिवाशांनी ठिय्या दिला, नगर परिषदेने ठराव केला आणि 1895 पासून उभा असलेला तो पुतळा 18 जून 2021 रोजी क्रेनने उतरवला गेला. म्हणून जुन्या माहितीपत्रकात दिसणारा पुतळा तुम्हाला तिथे दिसणार नाही.

ते 1848-49 मध्ये ज्या घरात भाड्याने राहिले ते बेलव्ह्यू हाउस मात्र पाहता येतं. बराच काळ बंद राहून ते 2024 मध्ये नव्या मांडणीसह उघडलं. आता तिथे मूळ रहिवाशांची बाजूही सांगितली जाते. मला ही मांडणी पटते. पुतळ्यासमोर फक्त मान वर करता येते. घरात खोल्याखोल्यांतून फिरताना माणसाची दोन्ही अंगं समजून घ्यायला वेळ मिळतो.

५. मॅकडोनाल्डशिवाय राजकारणातलं कुणी?

बरेच. ऑलिव्हर मोवॅट 1820 मध्ये किंग्स्टनमध्येच जन्मले, मॅकडोनाल्डच्या कचेरीत उमेदवारी केली आणि पुढे त्यांचेच कट्टर विरोधक झाले. 1872 ते 1896 अशी सलग चोवीस वर्षं ते ऑन्टारिओचे प्रीमिअर, म्हणजे मुख्यमंत्री, होते. अलेक्झांडर कॅम्बेलही त्याच कचेरीतले. देशाच्या स्थापनेच्या वाटाघाटींतले तीन जण एकाच वकिलाच्या दारातून बाहेर पडलेले! देशाचे दुसरे पंतप्रधान अलेक्झांडर मॅकेंझी 1842 मध्ये स्कॉटलंडहून आधी किंग्स्टनलाच उतरले. ते पेशाने पाथरवट होते.

अलीकडच्यांत फ्लोरा मॅकडोनाल्ड (पहिल्या मॅकडोनाल्डशी नातं नाही) या 1972 ते 1988 इथल्या खासदार होत्या. 1979 मध्ये त्या कॅनडाच्या पहिल्या महिला परराष्ट्रमंत्री झाल्या. पीटर मिलिकन 2001 ते 2011 लोकसभागृहाचे सभापती होते. त्या पदावर इतकी वर्षं दुसरं कुणी राहिलेलं नाही.

६. गोऱ्या माणसांच्या आधीच्या कुणाची आठवण शहराने ठेवली आहे का?

हा प्रदेश अनिशिनाबे आणि हाउडेनोशौनी लोकांचा. काताराक्वी हे नावही त्यांच्याकडूनच आलेलं. नावानिशी ओळखता येणारी मोठी व्यक्ती म्हणजे मॉली ब्रँट, मोहॉक समाजाच्या पुढारी. अमेरिकन क्रांतीत त्यांच्या शब्दावर अनेक योद्धे ब्रिटिशांच्या बाजूने टिकून राहिले. ब्रिटिश सरकारने त्यांना इथे घर बांधून दिलं आणि वर्षाला शंभर पौंड पेन्शन दिली. त्या 1796 मध्ये वारल्या. सेंट पॉल चर्चच्या आवारात त्यांचं दफन झालं. त्यांच्या लोकांची जमीन मात्र त्या युद्धात कायमची गेली, हे पेन्शनच्या आकड्यासोबत सांगायलाच हवं.

७. क्वीन्स युनिव्हर्सिटी म्हणजे बेलफास्टची का? आणि ती खाजगी आहे की सरकारी?

बेलफास्टची वेगळी. अर्ज भरताना मुलांची खरंच गल्लत होते, म्हणून दोनदा तपासा. किंग्स्टनच्या क्वीन्सला राणी व्हिक्टोरियाने 16 ऑक्टोबर 1841 ला सनद दिली. वर्ग 7 मार्च 1842 ला भरले. सुरुवातीला ही प्रेस्बिटेरियन चर्चची संस्था होती. 1912 मध्ये चर्चशी नातं सुटलं. आज ते प्रांताच्या अनुदानावर चालणारं सार्वजनिक विद्यापीठ आहे. जगाला प्रमाणवेळेची कल्पना पटवून देणारे सँडफर्ड फ्लेमिंग 1880 ते 1915 इथे कुलपती होते.

८. कॅम्पसवर ‘रॉबर्ट सदरलँड हॉल’ आहे. हे कोण?

ज्यांच्याविषयी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याने पहिल्याच आठवड्यात वाचावं असे गृहस्थ. जन्म जमैकातला. 1852 मध्ये क्वीन्समधून पदवी घेतलेले ते इथले पहिले कृष्णवर्णीय पदवीधर आणि नंतर कॅनडातले पहिले कृष्णवर्णीय वकील. 1878 मध्ये वारले तेव्हा आपली सगळी मिळकत, सुमारे 12,000 डॉलर, त्यांनी क्वीन्सला दिली. त्या काळी कुणीही दिलेली ती सर्वांत मोठी देणगी. कॉलेज तेव्हा अडचणीत होतं आणि टोरांटोच्या विद्यापीठात विलीन करण्याच्या गोष्टी होत्या. या पैशाने त्याला उभं राहायला बळ दिलं. इमारतीला त्यांचं नाव मिळालं ते 2009 मध्ये, एकशे एकतीस वर्षांनी.

दुसरी बाजूही नोंदवतो. 1918 मध्ये याच विद्यापीठाने वैद्यकीय शाखेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशबंदी केली. तो ठराव कागदोपत्री रद्द झाला 2018 मध्ये आणि जाहीर माफी आली 2019 मध्ये. ज्याच्या पैशावर संस्था तगली, त्याच्याच वंशाच्या मुलांना तिने दार बंद केलं.

९. किंग्स्टनचा भारताशी, मराठी माणसाशी जुना काही संबंध आहे का?

आहे, आणि तो डॉक्टर बायकांमुळे आहे. 1880 मध्ये क्वीन्सने वैद्यकशास्त्रासाठी मुली घेतल्या. पुरुष विद्यार्थ्यांनी आणि काही अध्यापकांनी त्यांना इतका त्रास दिला की 1882 च्या शेवटी प्रकरण हातघाईवर आलं: मुलींना काढा, नाहीतर आम्ही दुसऱ्या कॉलेजात जातो. शहरातल्या लोकांनी मुलींची बाजू घेतली, वर्गणी जमवली आणि 1883 मध्ये स्त्रियांसाठी वेगळं वैद्यकीय कॉलेज उघडलं. 1884 मध्ये पहिल्या तिघी पदवीधर झाल्या: एलिझाबेथ स्मिथ, ॲलिस मॅकगिलिव्हरी आणि एलिझाबेथ बीटी.

यातल्या डॉ. बीटी त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे इंदूरला, होळकरांच्या संस्थानात, गेल्या. पुरुष डॉक्टरला नाडीही दाखवायची नाही अशा घरांत त्या शिरल्या. 1886 मध्ये किंग्स्टनमध्येच शिकलेल्या डॉ. मॅरियन ऑलिव्हर त्यांना येऊन मिळाल्या. त्याच 1886 मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, हे लक्षात घेतलं की चित्र पुरं होतं: तिकडून एक मराठी मुलगी डॉक्टर व्हायला समुद्र ओलांडून अमेरिकेत आली, आणि इकडून याच गावात शिकलेल्या दोघी डॉक्टर होऊन मराठी संस्थानात पोचल्या. इंदूरच्या मराठी वाचकांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

१०. किंग्स्टनला नोबेल किती?

कसं मोजता त्यावर आहे. दोन नावं हमखास येतात, पण त्यांचे शहराशी संबंध अगदी उलट आहेत.

आर्थर मॅकडोनाल्ड जन्माने नोव्हा स्कॉशियाचे, पण क्वीन्समध्ये प्राध्यापक म्हणून राहिले. 2015 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना जपानच्या ताकाकी काजिता यांच्यासोबत मिळालं. प्रयोग किंग्स्टनमध्ये झाला नाही. सडबरीजवळ क्रेटन खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरवर, हजार टन जड पाण्याची टाकी बसवून सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मोजले. न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

रॉबर्ट मंडेल 1932 मध्ये किंग्स्टनमध्ये जन्मले, पण त्यांचं काम बाहेरच झालं. 1999 चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. युरो चलनामागचा विचार त्यांचा मानला जातो.

११. इलॉन मस्क इथे शिकले का?

दोन वर्षं, 1990 ते 1992. पदवी मात्र अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची.

१२. फोर्ट हेन्री, फोर्ट फ्रॉन्टेनॅक, फोर्ट फ्रेडरिक: यातला बघायचा कुठला?

फोर्ट हेन्री. उन्हाळ्यात तिथे 1938 पासून चालत आलेलं ‘फोर्ट हेन्री गार्ड’ जुन्या ब्रिटिश गणवेशात कवायत करतं, तोफा उडवतं. फोर्ट फ्रॉन्टेनॅक आज सैन्याच्या वापरात आहे, बाहेरून जुन्या भिंतींचे अवशेष दिसतात. फोर्ट फ्रेडरिक हा रॉयल मिलिटरी कॉलेजच्या आवारातला.

हे कॉलेज 1 जून 1876 ला अठरा कॅडेटवर सुरू झालं. त्यांना आजही ‘ओल्ड एटीन’ म्हणून आठवतात. मुलींना प्रवेश 1980 पासून. पहिल्या महायुद्धातले वैमानिक बिली बिशप इथे शिकले. अंतराळवीर मार्क गार्नो आणि क्रिस हॅडफिल्ड दोघंही इथलेच पदवीधर.

१३. तुरुंग बघायला जातात म्हणे! तो अजून चालू आहे का?

किंग्स्टन पेनिटेन्शरी बंद आहे. 1 जून 1835 ला उघडलेला हा तुरुंग 30 सप्टेंबर 2013 ला बंद झाला. 2016 पासून हंगामात मार्गदर्शकासह फेऱ्या असतात आणि तिकिटं लवकर संपतात. समोरच्या जुन्या वॉर्डनच्या घरात संग्रहालय आहे. पण शहराच्या परिसरात आजही चालू असलेले तुरुंग आहेत. कॉलिन्स बे हा त्यातला, लाल छपरांचा, रस्त्यावरून दिसणारा. तिथे फोटो काढायला थांबू नका.

सुरुवातीला इथे मौनाचा नियम होता: कैद्याने कैद्याशी बोलायचं नाही, खूण करायची नाही. मुलंही याच कोठड्यांत असत. 1848 मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. पत्रकार जॉर्ज ब्राउन (सिटी हॉलवाले नव्हेत) त्याचे सचिव होते. फ्रेंच बोलल्याबद्दल अकरा वर्षांच्या मुलाला फटके मारल्याची नोंद त्या चौकशीतून बाहेर आली. वॉर्डनची नोकरी गेली. पण गावचे आमदार मॅकडोनाल्ड वॉर्डनच्या बाजूने उभे राहिले, आणि ब्राउन-मॅकडोनाल्ड वैराला या प्रकरणाने खतपाणी मिळालं. पुढे 1864 मध्ये याच दोघांनी हातमिळवणी केली म्हणून देश जन्माला आला.

एप्रिल 1971 मध्ये कैद्यांनी चार दिवस तुरुंग ताब्यात ठेवला, सहा रक्षक ओलीस धरले. दोन कैदी इतर कैद्यांच्या हातून मारले गेले. त्यानंतर 1973 मध्ये कैद्यांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. शेजारीच 1934 ते 2000 स्त्रियांचा तुरुंग होता. 1994 मध्ये तिथे स्त्री कैद्यांना पुरुष पथकाकडून विवस्त्र करून झडती घेतली गेली. न्यायमूर्ती लुईज आर्बर यांच्या चौकशीने त्यावर कडक ताशेरे ओढले आणि पुढे तो तुरुंग बंद झाला. फेरीला जाल तेव्हा भिंतींची उंची मोजण्यापेक्षा हे विचारा.

१४. हॉस्पिटलजवळचं आयरिश स्मारक कशाचं?

1847 मध्ये आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली माणसं बोटींतून टायफस घेऊन आली. सुमारे 1,400 जण किंग्स्टनमध्ये मेले आणि जनरल हॉस्पिटलजवळ सामुदायिक खड्ड्यांत पुरले गेले. 1966 मध्ये ते अवशेष सेंट मेरी स्मशानभूमीत हलवले. तेव्हा त्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांत दोनच वर्षांपूर्वी, 1845 मध्ये, ओतेल-द्यू हॉस्पिटल काढणाऱ्या नन्स होत्या. ही दोन्ही हॉस्पिटलं 2017 पासून एकाच व्यवस्थापनाखाली आहेत. जनरल हॉस्पिटलमध्ये संसद कशी भरली ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१५. गायक ब्रायन ॲडम्स इथला ना?

जन्म इथला, 5 नोव्हेंबर 1959. बालपण वडिलांच्या नोकरीमुळे देशोदेशी गेलं. शहराला स्वतःचा वाटणारा बँड वेगळा आहे, पुढचा प्रश्न पाहा.

१६. ‘द ट्रॅजिकली हिप’चं इतकं काय आहे?

1984 मध्ये इथल्या शाळकरी मित्रांनी काढलेला हा रॉक बँड. कॅनडाबाहेर फारसा माहीत नाही, कॅनडात मात्र घराघरात. गायक गॉर्ड डाउनी यांना मेंदूचा असाध्य कर्करोग झाल्याचं मे 2016 मध्ये जाहीर झालं. तरी त्यांनी देशभर दौरा केला आणि शेवटचा कार्यक्रम 20 ऑगस्ट 2016 ला गावातच ठेवला. सीबीसी या कॅनडाच्या सरकारी वाहिनीने तो जाहिराती न घेता दाखवला. कोटीच्या वर लोकांनी पाहिला, म्हणजे देशातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस. हॉलमध्ये जागा नसलेले हजारो लोक बाजारचौकात पडद्यासमोर उभे होते. तेव्हाचे पंतप्रधान ट्रूडो हॉलमध्ये होते आणि डाउनींनी मंचावरून त्यांना उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांची आठवण करून दिली. स्वतःच्या निरोपाची वेळ दुसऱ्यांसाठी वापरणारा माणूस! 17 ऑक्टोबर 2017 ला ते गेले. कार्यक्रम झाला त्या हॉलसमोरच्या रस्त्याला बँडचं नाव आहे.

१७. आइस हॉकीचा जन्म किंग्स्टनमध्ये झाला का?

तसा दावा इथल्या कॅप्टन जेम्स सदरलँड यांनी आयुष्यभर केला, आणि त्यांच्या प्रयत्नामुळे 1943 मध्ये हॉकीचं हॉल ऑफ फेम किंग्स्टनला मिळालं. आज मात्र पहिला बंदिस्त सामना 1875 चा मॉन्ट्रियलचा मानतात आणि टोरांटोचं हॉल ऑफ फेम 1961 पासून आहे. किंग्स्टनकडे निर्विवाद आहे ते दुसरंच: क्वीन्स आणि मिलिटरी कॉलेज यांच्यातला 1886 पासूनचा सामना. खेळाडूंत डग गिलमोर आणि कर्क म्युलर इथले. समालोचक डॉन चेरींचा जन्मही इथलाच. (हे सदरलँड प्रश्न ८ मधले नव्हेत.)

१८. एवढ्या गावात रेम्ब्राँटची चित्रं कुठून आली?

आल्फ्रेड बेडर यांच्यामुळे. व्हिएन्नाचा ज्यू मुलगा, नाझींपासून निसटून इंग्लंडला गेला. तिथून 1940 मध्ये ‘शत्रुदेशाचा नागरिक’ म्हणून कॅनडाच्या छावणीत डांबला गेला. सुटल्यावर मॅकगिलने प्रवेश नाकारला, क्वीन्सने दिला. पुढे रसायनांच्या धंद्यात मोठं नाव काढलं आणि उपकार विसरला नाही: अॅग्नेस एदरिंग्टन कला केंद्राला डच चित्रांचा मोठा संग्रह, विद्यापीठाला इंग्लंडमधला हर्स्टमन्सू किल्ला, आणि पत्नी इझाबेल यांच्या नावाचं नाट्य-संगीत केंद्र. कला केंद्राचं मोठं बांधकाम हाती घेतलेलं असल्याने जाण्याआधी चौकशी करा.

१९. आईबाबा दोनच दिवस येणार आहेत. काय दाखवू?

पहिल्या दिवशी सिटी हॉल, बाजारचौक, पाण्याकाठचा फेरफटका आणि वुल्फ बेटाची फेरी बोट. तिचं भाडं लागत नाही आणि शहराचा दगडी किनारा बोटीवरूनच नीट दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बेलव्ह्यू हाउस, दुपारी फोर्ट हेन्री. तुरुंगाची फेरी बरीच चालायला लावते आणि मन जड करते. गुडघे दुखत असतील तर सोडा. हिवाळ्यात यातलं बरंचसं बंद असतं.

२०. नामवंतांच्या यादीत एखाद्याला ‘किंग्स्टनचा’ म्हणतात आणि तो निघतो शेजारच्या गावचा. कुणाचं खरं?

बहुतेकदा दोघांचंही. 1998 मध्ये जुनं किंग्स्टन शहर, किंग्स्टन टाउनशिप आणि पूर्वेची पिट्सबर्ग टाउनशिप एकत्र होऊन आजचं शहर झालं. त्यामुळे त्याआधीच्या नोंदीत टाउनशिपचा पत्ता असलेला माणूस आज शहराचा धरला जातो. उलट वुल्फ बेट आणि पश्चिमेचं ॲम्हर्स्टव्ह्यू आजही शहराच्या हद्दीबाहेर आहेत, आणि डाउनी वाढले ते ॲम्हर्स्टव्ह्यूत. हद्दीचा नियम लावला तर त्यांना वगळून जन्मापुरत्या आलेल्या ब्रायन ॲडम्सना घ्यावं लागेल. मी तसं करत नाही. ज्याचं काम इथे झालं किंवा ज्याने इथल्या संस्थेला काही दिलं, त्याला मी आधी धरतो, म्हणून सदरलँड, बीटी आणि बेडर यांना वर जागा जास्त आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी यादी करत असाल तर जन्म, शिक्षण, काम आणि दफन असे चार रकाने करा. मॅकडोनाल्ड पंतप्रधान यांचा फक्त पहिला रकाना रिकामा राहील, मॅकडोनाल्ड शास्त्रज्ञ यांचा तिसराच तेवढा भरेल.